शिवडीचे कबरस्थान

(वाचावयाचा भाग : उत्पत्ति, अध्याय २३, योहान १९ : ३८-४२)

अब्राहामाने कनान देशात आपल्या मालकीची म्हणून जी पहिली जमीन घेतली, ती शेतीसाठी घेतली नाही व घरासाठीही घेतली नाही. ती कबरेसाठी घेतली. सारा एकशेसत्तावीस वर्षांची होऊन मरण पावली, आणि त्या परदेशी माणसाजवळ तिला मूठमाती देण्यापुरती जागा नव्हती. एफ्रोन हित्ती शेत फुकट देऊ लागला. परंतु अब्राहामाने ते फुकट घेतले नाही. नगराच्या वेशीत, सर्व लोकांदेखत, त्याने चारशे शेकेल रुपे तोलून दिले. ह्या व्यवहाराचे वर्णन वाचकांनी पुनः एकदा सावकाश वाचावे. शेत, शेतातील गुहा आणि शेताच्या चतुःसीमेच्या आतील सर्व झाडे, असे त्यात नमूद आहे. तलाठ्याच्या दप्तराशी ज्यांचा संबंध येतो त्यांस हे खरेदीखत फार ओळखीचे वाटेल. झाडे देखील कागदावर चढविण्याची काळजी ज्या म्हाताऱ्याने घेतली, त्यास पुढच्या पिढ्यांत काय काय तंटे उद्भवतात ह्याची पुरी जाणीव असली पाहिजे.

दुसरा भाग योहानाचा आहे. प्रभूस जेथे ठेविले ती कबर बागेत होती, आणि पुनरुत्थानाच्या सकाळी मरीयेने त्यास माळी समजून त्याच्याशी भाषण केले. म्हणजे बाग व कबर ह्यांची गाठ शास्त्रात प्रथमपासून पडलेली आहे. प्राचीन ग्रीक ख्रिस्ती लोकांनी पुरण्याच्या जागेस जो शब्द लाविला त्याचा अर्थ ‘निजण्याची जागा’ असा होता. असे असता पुढे शेकडो वर्षे ख्रिस्ती राष्ट्रांतील कबरस्थानांची जी दशा होती ती पाहून कोणासही बागेची आठवण झाली नसती. उपासनामंदिराच्या भोवती व कित्येक ठिकाणी मंदिराच्या फरशीखालीच प्रेते पुरीत असत. शहरे वाढली, पण जागा तेवढीच राहिली. पॅरिस शहरात ‘इनोसंट्स’ नावाचे एक जुने कबरस्थान होते. त्याच्या शेजारच्या घरांच्या तळघरांत घाण शिरू लागली तेव्हा १७८० साली ते बंद करावे लागले, आणि १७८६ पासून तेथील अस्थी शहराखालच्या जुन्या दगडखाणींत नेऊन ठेविल्या. त्यानंतर १८०४ साली त्याच शहराबाहेर टेकडीवर ‘पेर लाशेज’ हे नवे कबरस्थान उघडले; त्यात वळणाच्या वाटा केल्या, झाडे लाविली व प्रत्येकास निराळी कबर दिली. आरंभी तेथे जावयास लोक राजी नव्हते. म्हणून १८१७ साली जुन्या प्रख्यात माणसांच्या अस्थी तेथे समारंभाने नेल्या, तेव्हा कोठे पॅरिसकरांचे मन वळले. थोरांच्या शेजारी पुरले जावे ही हौस सर्व देशांत सारखीच दिसते!

अमेरिकेतील बॉस्टन शहराजवळ १८३१ साली ‘माउंट ऑबर्न’ नावाचे कबरस्थान झाले. ते स्थापण्यात तेथील बागाईत मंडळीचा हात होता, आणि जेकब बिगेलो नावाचा एक वैद्य त्याचा मुख्य पुरस्कर्ता होता. गावाच्या आरोग्यासाठी वैद्य आणि झाडांसाठी माळी, अशा दोघांनी मिळून मृतांची सोय केली. ह्याच बॉस्टनच्या मिशन बोर्डाने आमच्या महाराष्ट्रात पहिले अमेरिकन मिशनरी पाठविले. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांपैकी हॉलसाहेबास असली बाग लाभली नाही. १८२६ च्या मार्च महिन्यात नाशिकाकडील प्रवासात त्यांस पटकी झाली, व एका खेड्यात वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. सोबतच्या मुलांनी त्यांस घोंगडीत गुंडाळून, पेटीवाचूनच पुरले. पेटीसाठी कर्ज काढणाऱ्या आमच्या मंडळ्यांतील बंधूंनी हे ध्यानात ठेवावे.

आता मुंबईकडे वळू. इंग्रज तेथे आले तेव्हा त्यांनी दक्षिण टोकास ‘मेंढम्स पॉइंट’ म्हणून जी जागा होती तेथे आपले मृत पुरण्यास आरंभ केला. तेथे प्रथम ज्यास पुरले त्याच्याच नावावरून त्या टोकास नाव पडले असे सांगतात. किल्ल्याच्या कामासाठी ती जागा लागली. मग अठराव्या शतकात कबरस्थान बॅक बे समुद्राकाठी सोनापुरास गेले. सोनापूर हे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकिले असेल, कारण ते मुंबईत मरणाचेच दुसरे नाव होऊन बसले होते. ख्रिस्ती कबरा, मुसलमानांचे कबरस्थान व हिंदूंची चिताभूमी ही तेथे एकमेकांच्या शेजारी होती. मनुष्य मेला म्हणजे त्याचे सोने झाले असे आपल्या भाषेत बोलण्याचा प्रघात आहे, त्यावरून ते नाव पडले असे कित्येक म्हणतात. ते खरे असो वा नसो, जागेची स्थिती सोन्यासारखी नव्हती. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इकडील कापसास अतोनात भाव आला, पैसा वाहू लागला, आणि माणसांचे लोंढेच्या लोंढे शहरात आले. जिवंतांस राहावयास जागा नव्हती, तेथे मृतांची काय कथा?

१८६५ साली आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. क्रॉफर्ड मार्केट ज्यांच्या नावाचे, ते हेच. त्यांनी कबरस्थानासाठी शहराच्या उत्तरेस शिवडी येथील जागा निवडिली, आणि ती जागा पडीक माळरान नव्हती, बाग होती. पश्चिम हिंदुस्थानची शेतकी व बागाईत मंडळी १८३० साली स्थापन झाली होती; तिला सरकारने १८३५ साली शिवडीस विस्तीर्ण जमीन दिली होती, व त्या मंडळीने तेथे वनस्पतींचा बगीचा केला होता. परदेशांतून बी-बियाणे व रोपे आणवून ती ह्या हवेत तगतात की नाही हे तेथे पाहत असत. पुढे मंडळीचा बगीचा माझगावच्या बाजूस हलविला, व १८६२ साली लोकांसाठी खुला झाला. तोच पुढे राणीचा बाग म्हणून प्रसिद्धीस आला. सांप्रत त्यास वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. मागे राहिलेली शिवडीची बाग कबरस्थान झाली. ज्या वाफ्यांत बी पेरून ते उगवण्याची वाट पाहत, तेथेच पुढे माणसे पेरिली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातील बियांचा दृष्टान्त शिकविणाऱ्या उपदेशकास ह्याहून चांगले उदाहरण मिळावयाचे नाही, म्हणून आम्ही ही हकीकत विस्ताराने दिली आहे.

परंतु ह्या बागेस आरंभी एक कुंपण होते, आणि ते झाडांचे नव्हते. ही जागा प्रथम युरोपियन लोकांसाठी म्हणून राखिली होती. एतद्देशीय ख्रिस्ती मनुष्य एकाच प्रभूच्या मेजाशी बसत असला तरी मरणानंतर त्याने कोठे निजावे हा निराळा प्रश्न होता. ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. आमच्या खेड्यांतही वरच्या आळीचे व खालच्या आळीचे पुरण्याचे ठाव निराळे असतात, आणि बाप्तिस्मा घेतल्यावरही हा भेद कबरेपर्यंत पाठलाग करितो. मग साहेबांस तेवढे नावे ठेवून काय उपयोग? शिवडीस मात्र काळाने ते कुंपण मोडिले. आज तेथे रोमन कॅथोलिक व प्रॉटेस्टंट, गोवेकर, ईस्ट इंडियन, मराठी व तमिळ ख्रिस्ती, सर्व एकाच मातीत आहेत.

तेथे कोण कोण निजले आहेत ह्याची थोडी माहिती दिली असता हा बदल डोळ्यांपुढे उभा राहील. मुंबईचे बोरीबंदर स्टेशन, ज्यास आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, त्याचा शिल्पकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा १९०० साली वारला. त्याची कबर शिवडीस आहे. त्यानंतर तीस वर्षांनी, १९३० साली, त्याच भूमीत जोसेफ बॅप्टिस्टा ह्यांस पुरले. लोक त्यांस ‘काका’ म्हणत. हे माझगावचे ईस्ट इंडियन कॅथोलिक, बॅरिस्टर, लोकमान्य टिळकांचे स्नेही, १९१६ साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष, गिरणीकामगारांचे पुढारी व पुढे मुंबईचे महापौर होते. एकाने साम्राज्याचे वैभव दगडांत उभे केले. दुसऱ्याने त्याच साम्राज्याजवळ स्वराज्य मागितले. पुढे २००२ साली गोव्यातील साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा व २००४ साली कवी डॉम मोराइस हेही तेथेच आले. हे दोघे पुष्कळ वर्षे परदेशांत राहिले होते, आणि धर्मगुरूंशी त्यांचे, विशेषतः सूझा ह्यांचे, फारसे पटले नाही. तथापि शेवटी निजण्यास शिवडीच मिळाली. सार्वजनिक कबरस्थान म्हणजे काय ते येथे दिसते. मंडळीचा वडील कबरेच्या तोंडाशी उभा राहून ह्याने वर्गणी दिली होती काय, हा उपासनेस येत होता काय, असे विचारीत नाही. आम्हास ही रीत बरी वाटते. मंडळीची शिस्त जिवंतांसाठी आहे.

बागेचे वैभव मात्र टिकले नाही, आणि ह्या इतिहासाचा हाच भाग आमच्या मंडळ्यांस अधिक उपयोगी आहे. तेथे संगमरवरी देवदूत आहेत, क्रूस आहेत, कोरीव शिळा आहेत. ज्यांनी त्या उभारल्या त्यांची मुले समुद्रापार गेली, नातवंडांस जागेचा पत्ताही राहिला नाही. मग देवदूताचा हात मोडला तरी बसवावयास कोण येणार? पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या कबरांचेही असेच झाले. त्या नीट राखिल्या जातील अशी खातरी राहिली नाही, तेव्हा १९६२ च्या जून महिन्यात ६२९ सैनिकांचे अवशेष शिवडीहून काढून पुण्याजवळ खडकीच्या युद्ध-कबरस्थानात पुनः पुरले. हिंदुस्थानात व आताच्या पाकिस्तानात ठिकठिकाणी पुरलेल्या व ज्यांच्या कबरांची निगा पुढे होण्यासारखी नव्हती अशा १,८०० हून अधिक सैनिकांची नावे तेथील स्मारकावर आहेत. त्यांत ह्यांचीही आहेत. राज्यासाठी मेलेल्यांच्या कबरांची जर पन्नास वर्षांत ही गत, तर आमच्या तुमच्या कबरांची काय?

शिवाय जागा अपुरी पडते. ज्या कुटुंबाने कायमची कबर विकत घेतली नाही त्याच्या मृतास तेथे काही काळच विसावा मिळतो. नंतर अस्थी काढून भिंतीतील कोनाड्यात ठेवितात, व त्या खड्ड्यात दुसरा येतो. खेड्यातील मनुष्यास हे प्रथम ऐकून धक्का बसतो. आमच्या एका वृद्ध भगिनीने तर विचारिले की, अस्थी हलविल्या तर शेवटच्या दिवशी तो उठणार कोठून? ह्याचे उत्तर योसेफाच्या अस्थींत आहे. त्या मिसर देशातून काढून, रानातून चाळीस वर्षे वाहून, शखेमात पुरल्या. आणि विश्वासाच्या साक्षीदारांत योसेफाचे नाव जे घेतले आहे ते ह्याच अस्थींविषयीच्या त्याच्या आज्ञेवरून. जो मातीतून घडवितो त्यास कोनाडा सापडणार नाही असे नाही.

मग टिकते काय? मेंढम्स पॉइंटच्या जुन्या कबरांचा आज मागमूसही राहिलेला नाही. परंतु मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह व पुरणे ह्यांच्या नोंदींच्या नकला १७०९ पासून विलायतेस जात होत्या, आणि त्या लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीत अद्यापि पाहावयास मिळतात. दगड गेला, कागद राहिला. एखाद्या कारकुनाने कंटाळत कंटाळत लिहिलेली ओळ शिळेहून अधिक टिकाऊ ठरली.

आमच्या चंदगड भागात तर हे दुप्पट खरे आहे. येथील दगड जांभा. खाणीतून काढिताना तो मऊ असतो, मागाहून वाऱ्याने कठीण होतो. भिंतीस उत्तम, पण त्याचे अंग सच्छिद्र असल्यामुळे त्यावर कोरलेले अक्षर धरत नाही, आणि सह्याद्रीचा पाऊस चार महिने कोसळून त्यावर शेवाळ चढवितो. पाचसहा पावसाळ्यांनी नाव वाचता येईनासे होते. म्हणून प्रत्येक मंडळीने पुरण्याची वही ठेवावी. मृताचे नाव, बापाचे अथवा नवऱ्याचे नाव, वय, गाव, तारीख, आणि कबर कोणत्या रांगेत कितवी, एवढे पुरे. सरकारी नोंद ह्याहून निराळी. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत द्यावी लागते. ती न दिल्यामुळे विधवेस वारसनोंदीच्या वेळी किती खेटे घालावे लागतात हे उपदेशकांस ठाऊकच आहे.

आता जागेविषयी. शहरात क्रॉफर्डसाहेबांनी १८६५ साली जे केले ते पुष्कळ खेड्यांत अद्याप कोणी केलेले नाही, आणि त्याचा परिणाम काय होतो हे १९२५ च्या नव्हे, २०२५ च्या एका गोष्टीवरून पाहावे. छत्तीसगडातील बस्तर भागात एका खेड्यातील ख्रिस्ती पाळक त्या वर्षी ७ जानेवारीस वारले. गावच्या स्मशानभूमीत पूर्वी त्यांच्या घरची माणसे पुरलेली होती. तथापि ह्यांस पुरू देण्यास गावकऱ्यांनी हरकत घेतली. मुलगा न्यायालयात गेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि तोवर प्रेत शवागारात पडून राहिले. २७ जानेवारीस दोघा न्यायाधीशांचे मत दोन तऱ्हेचे पडले : एकाने म्हटले, कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात पुरू द्यावे, दुसऱ्याने म्हटले, ख्रिस्ती लोकांसाठी नेमलेल्या जागीच पुरावे. मतभेद असता प्रकरण मोठ्या पीठाकडे जाते. पण प्रेताची आणखी विटंबना होऊ नये म्हणून त्यांनी ते तसे न पाठविता वीसपंचवीस किलोमीटरांवरील नेमलेल्या ख्रिस्ती कबरस्थानात पुरण्याचा हुकूम दिला, आणि राज्यात ठिकठिकाणी अशा जागा दोन महिन्यांत आखून द्याव्या असेही सरकारास सांगितले. तीन आठवडे बाप मातीवाचून पडला होता, व मुलगा कचेऱ्यांतून फिरत होता.

आमच्या इकडे असे घडलेले नाही म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. पुष्कळ मंडळ्यांची पुरण्याची जागा वहिवाटीची आहे, कागदाची नाही. गायरानाचा एक कोपरा, ओढ्याकाठचा एक पट्टा, कोणा पाटलाने आजोबांस तोंडी दिलेला. देणारा भला होता, घेणारा भोळा होता, आणि दोघेही आता त्याच मातीत आहेत. रस्ता रुंद होतो, धरणाचा कालवा येतो, शेजारच्या शेताचा बांध दरसाल वीतभर पुढे सरकतो. एफ्रोनाचे शेत अब्राहामाने फुकट का घेतले नाही हे अशा वेळी कळते. मंडळीच्या वडिलांनी तलाठ्याकडे जाऊन त्या गटाचा सातबारा उतारा काढावा. त्यावर ‘ख्रिस्ती दफनभूमी’ अशी नोंद आहे की नाही ते पाहावे. नसल्यास ग्रामसभेत ठराव मागावा व तहसीलदारांकडे अर्ज करावा. चंदगड तालुका १९५६ साली बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापुरास जोडला गेला, म्हणून त्यापूर्वीचे कागद बेळगावी शोधावे लागण्याचा संभव आहे. अर्ज करिताना शेजारच्या इतर ख्रिस्ती मंडळ्यांस वगळू नये. दोन पंथांनी दोन गुंठ्यांसाठी दोन अर्ज केले तर कचेरीतील मनुष्य दोन्ही बाजूस ठेवितो. शिवडीस सर्व पंथ एके ठिकाणी निजू शकतात, तर चंदगडच्या माळावर त्यांस काय अडचण आहे ते आम्हास समजत नाही.

जागा नावावर झाली की तिला कुंपण पाहिजे. भिंतीस पैसा लागतो. मोगली एरंडाच्या फांद्या रोविल्या तर त्यास गुरे तोंड लावीत नाहीत व दोन वर्षांत दाट वई होते. आत झाडे लावावी, पण निवडून. वड, पिंपळ, उंबर ह्यांची रोपटी कबरेच्या फटीत दिसताच उपटावी, कारण त्यांची मुळे दगड दुभंगतात. देवचाफा हे ह्या कामास सर्वांत सोयीचे झाड. तो मूळचा अमेरिका खंडातील आहे, परंतु आमच्या देशात देवळांपाशी, दर्ग्यांपाशी व कबरांपाशी इतका रुळला आहे की त्यास परका म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. त्याच्या चिकामुळे गुरे त्यास खात नाहीत. हातभर लांबीच्या फांद्या वैशाखात कापाव्या, चीक सुकेपर्यंत आठपंधरा दिवस सावलीत टाकून ठेवाव्या, व मृगाचा पहिला पाऊस पडून माती भिजली म्हणजे वीतभर खोल लावाव्या. पाणी साचते तेथे लावू नये, बुंधा कुजतो. प्रत्येक रांगेच्या टोकास एक झाड लाविले तर वहीतील रांगेचा आकडा झाडावरून ओळखता येईल, आणि त्या झाडांची संख्याही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.